संध्याकाळीच बंद पडतं

"रोज संध्याकाळीच बंद पडतं गं. सकाळी अगदी छान चालतं."

शेजारच्या काकू हे वाक्य माझ्याआधी तिघांना सांगून थकल्या होत्या. पहिल्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्याने मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरून आतल्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या आणि नवा पासवर्ड घालून दिला. तिसरा म्हणाला, जुना झालाय, बदलून टाका. 'संध्याकाळी' हा शब्द मात्र तिघांपैकी कुणीच उचलला नव्हता.

मी राउटर घरी आणला. बहुतेक राउटरांचे स्क्रू बुडाच्या रबरी पायांखाली किंवा लेबलखाली दडवलेले असतात. ते काढले की प्लास्टिकच्या खाचा उरतात, आणि त्या पातळ कार्ड सरकवत एकेक करून सोडवाव्या लागतात. घाई केली की टचकन तुटतात. आतली सर्किटची पाटी स्वच्छ होती. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांची डोकी सपाट होती, एकही फुगलेलं नव्हतं, कुठे करपल्याचा डाग नव्हता. मग ॲडॉप्टर हातात घेतला. वर छापलं होतं 12 व्होल्ट, 1 ॲम्पियर. मल्टिमीटर लावला तर आकडा आला 12.1. म्हणजे ठणठणीत.

इथे थांबले असते तर मी चौथी ठरले असते. पण ॲडॉप्टर मोकळा असताना दिसणाऱ्या आकड्याला फार अर्थ नसतो. कुणी काही मागत नसताना तो बारा व्होल्ट दाखवणारच. म्हणून उघडाच राउटर चालू केला, मीटरच्या पिना पाटीवरच्या जॅकच्या सोल्डरवर टेकवल्या आणि घरातली होती नव्हती ती सगळी उपकरणं त्याच्या वायफायला जोडून प्रत्येकावर व्हिडिओ लावला. आकडा 11.6 झाला. मग 11. मग 10.4 वर डगमगायला लागला, आणि एकदम सगळे दिवे विझले. क्षणभराने फक्त पॉवरचा दिवा लागला, मग हळूहळू बाकीचे. राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता.

काकूंच्या घरात हेच रोज घडत होतं. सकाळी घरात एकच फोन जागा असायचा. संध्याकाळी सगळे परतले की पाच फोन, टीव्ही आणि लॅपटॉप एकदम नेट मागायचे. रेडिओ अखंड बोलायला लागायचा, प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत नसायची, वीज जास्त लागायची. ॲडॉप्टरच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकलेले, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी तो कमी पडायचा. कपॅसिटरांचं आयुष्य तापमानावर ठरतं. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आणि राउटरचा ॲडॉप्टर तर रात्रंदिवस खोचलेलाच असतो, बऱ्याचदा कपाटामागच्या कोंदट जागेत.

दुरुस्ती म्हणजे नवा ॲडॉप्टर, एवढंच. व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनेच्या आतला भाग धन आहे की ऋण हे छापलेल्या खुणेवरून ताडून पाहायचं. जुना ॲडॉप्टर मात्र उघडायच्या फंदात पडू नये, हे मी कळकळीने सांगते. राउटरच्या पेटीत बारा व्होल्टच फिरतात, ॲडॉप्टरच्या पोटात भिंतीतली पूर्ण वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये टिकून राहते.

गेली बरीच वर्षं मी नात्यातले, शेजारचे, मैत्रिणींचे राउटर लावून देते आणि बिघडले की दुरुस्त करते. हा माझा व्यवसाय नाही. पण त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याचं निदान चुकत असेल, तक्रार सहसा खरी असते. 'राउटर खराब झालाय' हे बहुतेक वेळा चूक असतं. 'संध्याकाळीच', 'आतल्या खोलीतच', 'माझ्याच फोनवर', 'काहीतरी गरम करायला ठेवलं की' हे शब्द मात्र सोन्याच्या मोलाचे. बिघाडाचा पत्ता त्यांच्यात लिहिलेला असतो. आणि सांगणाऱ्याला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही असं धरून चालणारा माणूस नेमके तेच शब्द गाळतो.

'नेट गेलं' या दोन शब्दांत निदान तीन वेगळ्या जागा लपलेल्या असतात. फोनपासून राउटरपर्यंतची हवा, खुद्द राउटर, आणि राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंतची तार. फोनवरच्या वायफायच्या पट्ट्या फक्त पहिल्या जागेबद्दल सांगतात. पट्ट्या भरलेल्या असूनही काहीच उघडत नाही याचं अनेकांना नवल वाटतं. पण घराच्या दारापर्यंतचा रस्ता उत्तम आहे म्हणून दारापलीकडचा पूल शाबूत असेल असं थोडंच आहे! म्हणून मी आधी पिशवीतून केबल काढते. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडायचा. तारेवर चालतंय आणि हवेतून नाही, तर हवेत शोधायचं. तारेवरही नाही, तर ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडतं का ते पाहायचं. ते उघडलं तर राउटर जिवंत आहे, पुढची तार तपासायची. फायबर असेल तर त्याच्या डब्यावरचा लाल दिवा हेच ओरडून सांगत असतो की प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी राउटर दहादा चालू-बंद करून काही उपयोग नसतो.

हवेचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडतं.

2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे वायफाय ज्यात बोलतं ती रेडिओलहरींची एक जागा, उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपकरणांसाठी 1947 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेतच बाजूला काढून ठेवलेला होता. उष्णता देणारी यंत्रं तिथे कितीही गोंगाट करोत, तक्रार करायची नाही, असा तो भाग. संदेशवहनाच्या दृष्टीने उकिरडाच म्हणायचा. 1985 मध्ये अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने असल्या पट्ट्यांत विनापरवाना रेडिओ वापरायला मुभा दिली आणि त्या उकिरड्यावर वायफाय उगवलं. पहिलं मानक 1997 चं, वेग सेकंदाला 1 किंवा 2 मेगाबिट. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. त्याच्या पोटात शेकडो वॉट खेळत असतात. दारातून त्यातला नगण्य अंश निसटला तरी राउटरच्या मानाने तो मोठा, कारण अनेक देशांत या पट्ट्यातल्या राउटरला मर्यादाच मुळी 100 मिलीवॉटची आहे. 'काहीतरी गरम करायला ठेवलं की व्हिडिओ अडकतो' हे एका मैत्रिणीच्या मुलाचं निरीक्षण होतं. घरातल्या मोठ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. टीव्ही वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला आणि प्रश्न मिटला.

फोनपाशी पोहोचणारा सिग्नल किती क्षीण असतो याचा विचार केला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. सिग्नलची ताकद डीबीएम या मापात मोजतात, आणि चांगला म्हणावा असा उणे 60 डीबीएमचा सिग्नल म्हणजे एक नॅनोवॉट. निघताना जे होतं त्याचा दहा कोटींवा भाग. एवढ्यातून अक्षरं, चेहरे, आवाज सुखरूप बाहेर येतात.

त्यात खोलीच्या भिंती, फरशी, कपाटं या सगळ्यांवरून लहरी आपटून परततात, आणि एकच शब्द थोड्या थोड्या उशिराने अनेकदा ऐकू यावा तसा सिग्नल फासला जातो. या फासलेपणावरच्या एका महत्त्वाच्या उत्तराची मुळं आकाशात आहेत. जॉन ओ'सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन अभियंते 1970 च्या दशकात, स्फोट होऊन नाहीशा होणाऱ्या इवल्याशा कृष्णविवरांचे रेडिओ-स्पंद शोधत होते. त्या विवरांचं भाकीत स्टीफन हॉकिंग यांचं. स्पंद सापडले नाहीत. पण अवकाशातून येताना फासला गेलेला सिग्नल पुन्हा कसा नीट करायचा, याचं गणित हाताला लागलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते ज्ञान खोलीतल्या रेडिओसाठी वापरलं, आणि 1996 मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. कृष्णविवरं शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती आपल्या घरातला प्रतिध्वनी लागला, हे मला फार सुंदर वाटतं.

आणि ही हवा आपल्या एकट्याची नसते. शेजारी, वरचा मजला, खालचा मजला, सगळ्यांचे राउटर तिच्यातच बोलतात. 1971 मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅम्सन आणि सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाचं बिनतारी संगणकजाळं चालू केलं, तेव्हा नियम साधा होता. वाटेल तेव्हा बोला, पोच मिळाली नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. गर्दी वाढली की बोलणी एकमेकांवर आदळत, आणि या पद्धतीत कितीही केलं तरी वाहिनीचा जेमतेम 18 टक्के उपयोग होतो. वायफायने एक पायरी वाढवली. आधी ऐकायचं. हवा मोकळी आहे ना, याची खात्री करायची, तरीही लगेच तोंड उघडायचं नाही, मनातल्या मनात एक यादृच्छिक आकडा मोजायचा, तोवर कुणी बोललं नाही तर आपण बोलायचं. स्वस्तातला असो की महागडा, प्रत्येक राउटर हे सेकंदाला शेकडो वेळा पाळतो.

म्हणून चॅनल, म्हणजे पट्ट्यातली आपली बोलायची जागा, निवडणं ही केवळ आपल्या सोयीची बाब राहत नाही. 2.4 च्या पट्ट्यात चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येकाचा पसारा वीसेक मेगाहर्ट्झचा. त्यामुळे एकमेकांवर न पडणारे चॅनल म्हणजे 1, 6 आणि 11. सगळे शेजारी 1 वर आणि 6 वर आहेत म्हणून कुणी हुशारीने 3 वर जाऊन बसतो. त्याला वाटतं, इथे कुणीच नाही. प्रत्यक्षात तो दोन्हीकडच्यांना बाधतो, आणि त्याचं बोलणं समजत नसल्याने त्यांना तो नुसता गोंगाट वाटतो. शेजाऱ्याच्याच चॅनलवर बसलं तर निदान दोघांना एकमेकांचं ऐकू येतं आणि पाळीपाळीने बोलता येतं. एकदा वरच्या मजल्यावर जाऊन मी त्यांचाही चॅनल 3 वरून 1 वर आणला, तेव्हा कुठे खालच्या घरातला प्रश्न सुटला. दुसऱ्याच्या घरातली दुरुस्ती आपल्या घरात लागू पडते, असा अनुभव आणखी कुठल्या यंत्राने मला दिलेला नाही.

जागेबद्दल थोडक्यात सांगते. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, फ्रिजच्या आडोशाला, मोठ्या आरशासमोर, माशांच्या टाकीजवळ राउटर ठेवू नये. धातू आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतात, पाणी शोषून घेतं. घराच्या मध्याच्या आसपास, उंचावर, मोकळा ठेवावा. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, तिच्या शेंड्याच्या दिशेने जवळपास काहीच जात नाही. म्हणून अँटेनाचं टोक ज्या खोलीकडे 'रोखून' धरलं, तीच खोली उपाशी राहते. आणि राउटरची शक्ती वाढवून लांबच्या खोलीचा प्रश्न सुटत नाही, कारण फोनचा आवाज तेवढाच लहान राहतो. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला नाही.

मग लोक दुसरा राउटर आणतात, आणि त्यातून एक वेगळंच कोडं जन्मतं. एका मैत्रिणीकडची तक्रार होती, 'माझ्या फोनवर चालतं, आईच्या फोनवर नाही, आणि उद्या याच्या उलट.' ऐकायला भुताटकीसारखं. आतल्या खोलीत जुनाच राउटर केबलने जोडून ठेवला होता. दोन्ही राउटर आपणच घराचे मुख्य, असं समजून येणाऱ्या प्रत्येक फोनला पत्ता वाटत होते. ज्याला पहिल्याने पत्ता दिला त्याचं नेट चालायचं. ज्याला दुसऱ्याने दिला तो बाहेर जायला दुसऱ्याकडेच वाट विचारायचा, आणि त्याच्याकडे बाहेरची वाट नव्हतीच. दुसऱ्याचं पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याला स्वतःला वेगळा पत्ता दिला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या खोबणीत, राहू दिली. पाच मिनिटांचं काम. पण 'उद्या याच्या उलट' हे त्या मैत्रिणीने सांगितलं नसतं, तर मी तिच्या आईचा फोन उघडून बसले असते.

नवा राउटर लावताना मी तीन गोष्टींवर अडून बसते. राउटरच्या आत शिरायचा मूळचा पासवर्ड बदलायचा, कारण 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय, तिचा आठ आकडी पिन बंद करायचा. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता असं वाटतं. पण राउटर पहिल्या चार आकड्यांची चूक वेगळी सांगतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत दार उघडतं. हे 2011 मध्येच उघड झालं आहे. आणि सुरक्षेसाठी, म्हणजे हवेतलं बोलणं कुलूपबंद ठेवायला, डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ही पद्धत निवडायची. वायफायचा पासवर्ड मी चार-पाच साध्या शब्दांचा करते, फोनवरून सांगता येईल असा, आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. लिहून ठेवू नये असं म्हणतात खरं. पण ज्येष्ठ माणसांच्या घरात विसरलेला पासवर्ड म्हणजे पुन्हा टाचणी, पुन्हा सगळं पुसणं, पुन्हा कुणाची तरी वाट बघत बसणं. भिंतीबाहेरच्या चोराला कपाटातला कागद दिसत नाही.

एक राउटर माझ्या हातून मेला होता. फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा त्याच्या आतला प्रोग्राम, बदलताना मध्येच वीज गेली. नंतर फक्त पॉवरचा दिवा लागायचा, बाकी मुका. असा राउटर म्हणजे वीट, असं या कामातले लोक म्हणतात. तो ज्यांचा होता त्यांना तोंड कसं दाखवायचं या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पाटी उघडली, तर कडेला चार लहान छिद्रं ओळीने होती. कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेली जागा. तिथे तीन तारा सोल्डर केल्या, राउटरचं बोलणं लॅपटॉपवर दाखवणारा 3.3 व्होल्टचा सीरियल अडॅप्टर लावला. 5 व्होल्टचा लावला असता तर चिप जळण्याची भीती. वेग ठेवला सेकंदाला 115200 बिट. राउटर चालू केला आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. तो मेला नव्हता. बाहेरून मुका दिसणारा तो राउटर दर वेळी सुरू होताना काही सेकंद थांबत होता, कुणी काही सांगतंय का ते ऐकायला. त्या काही सेकंदांत एक कळ दाबायची होती, बस. मग केबलवरून नवं फर्मवेअर पाठवलं आणि तासाभरात तो उठून बसला.

त्यात मी जे फर्मवेअर घातलं ते ओपनडब्ल्यूआरटी. लिंक्सिस कंपनीने 2002 च्या डिसेंबरात डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळा-काळा राउटर काढला. त्याच्या आत लिनक्स ही खुल्या परवान्याची संगणकप्रणाली आहे हे लोकांच्या लक्षात आलं, आणि परवान्याच्या अटीप्रमाणे 2003 मध्ये कंपनीला त्याचा सोर्सकोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला करावा लागला. त्यातून 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्या राउटरचं नाव त्याने अजून आपल्या नावात जपलं आहे. कंपनीने ज्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं, असे कितीतरी राउटर या प्रकल्पातल्या माणसांच्या कष्टावर पुढे जगतात. ज्यांच्यात हे बसत नाही ते मात्र चालू स्थितीत काढून टाकावे लागतात. तापत नाहीत, अडत नाहीत, सगळे दिवे हिरवे, आणि तरी दाराची कडी निखळलेली. असा राउटर बाजूला ठेवताना मला खरोखर वाईट वाटतं. त्याचा रेडिओ बंद करून नुसता तारांचा जोड म्हणून तो घराच्या आत वापरता आला, तर मी वापरते.

काकूंच्या राउटरला नवा ॲडॉप्टर लावला तो दुपारी. सगळं सुरू झालं, पान उघडलं, त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉलही लावून पाहिला. "झालं ना?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बसते थोडी. साडेपाच झाले, सहा झाले. थोरली नात आली आणि तिने लॅपटॉप उघडला. मग धाकटा आला. कुणीतरी टीव्ही लावला. पिशवीतून मीटर काढून मी मांडीवर ठेवला होता, पण त्याची गरज नव्हती. दिवा लुकलुकत होता, तो आता भराभर लुकलुकायला लागला.

"अगं, आता कशाची वाट बघतेस?"

"संध्याकाळ होऊ दे ना, काकू."